नकाशात रिंग, टाइमटेबलात ट्री

इंजिनियरिंगच्या परीक्षेत "नेटवर्क टोपोलॉजीचे प्रकार आकृतीसह स्पष्ट करा" हा प्रश्न दिसला की पोरं खूश होतात. दहा मार्क खिशात. पाच आकृत्या काढायच्या - बस, स्टार, रिंग, ट्री, मेश. प्रत्येकीखाली तीन फायदे, तीन तोटे. लॅन म्हणजे इमारतीपुरतं, मॅन म्हणजे शहरापुरतं, वॅन म्हणजे त्याहून मोठं, ही वर झालर. स्केलपट्टी आणि पेन्सिल वापरली तर तपासणारा अर्धा मार्क जास्त टाकतो (असा आमच्या बॅचचा समज होता).

त्या उत्तरात चूक काहीच नसतं. पण सहा-सात वर्षं नोकरीत आणि तेवढीच डोंबिवली लोकलच्या दारात काढल्यावर माझं असं मत झालंय की हा प्रश्न एका आकृतीवर थांबतो तिथेच घोटाळा होतो. कुठल्याही नेटवर्कच्या आकृत्या दोन असतात. एक, वायर कुठून कुठे गेलीय याची. दुसरी, माल प्रत्यक्षात कुठून कुठे जातो याची. या दोन्ही सारख्या असतीलच असं नाही. काही तुटलं की आपलं काय होणार हे दुसरी ठरवते, आणि आपण निर्धास्त असतो ते पहिली बघून.

पुस्तकात हे आहे बरं का. फिजिकल टोपोलॉजी आणि लॉजिकल टोपोलॉजी अशी जाड अक्षरातली नावंही आहेत. मार्क मात्र आकृतीला.

आधी जुन्या वायरींबद्दल थोडं. रॉबर्ट मेटकाफने १९७३ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात इथरनेटची कल्पना मांडली तेव्हा ती सरळ सरळ बस होती. एक जाड कोअ‍ॅक्सियल केबल आणि सगळी यंत्रं तिला चिकटलेली. पुढे पातळ केबल आली. तिचा एक तुकडा १८५ मीटरपर्यंत चालायचा आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचं टर्मिनेटर नावाचं बुटकं टोपण लावावं लागायचं. ते कुणी काढलं की सिग्नल टोकावर आपटून मागे फिरणार आणि त्या तुकड्यावरची सगळी यंत्रं मुकी. बोलण्याची शिस्तही मजेशीर होती. आधी कान देऊन ऐकायचं, कुणी बोलत नसेल तरच बोलायचं, दोघं एकदम बोलले तर दोघांनीही गप्प व्हायचं आणि थोडा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेने एवढं जरी उचललं तरी सभा अर्ध्या तासात आटपेल. असो.

१९९० च्या सुमाराला हब आले. प्रत्येक यंत्रापासून एक वायर मधल्या डब्याला. आकृती काढली तर स्टार. पण हबला एका वायरवर जे ऐकू यायचं ते तो बाकी सगळ्या वायरींवर ओरडून सांगायचा, म्हणजे पोटातून बसच. आयबीएमचं टोकन रिंग त्याहून गमतीचं. नावात रिंग, पण वायरी सगळ्या एका मधल्या डब्यात आलेल्या. रिंग त्या डब्याच्या आत. निव्वळ आकृती बघून फायदे-तोटे लिहिलेत तर स्टारचे लिहाल आणि फसाल.

आता डोंबिवलीत या. २००८-१० च्या आसपास आमच्याकडे घरी नेट घ्यायचं म्हणजे बऱ्याच जणांसाठी केबलवाला. त्याची वायर गच्च्यागच्च्यांवरून यायची. यूटीपी केबल शंभर मीटरच्या पुढे नीट चालत नाही, त्यामुळे दर एक-दोन बिल्डिंगा ओलांडल्या की गच्चीवर पत्र्याच्या डब्यात एक छोटा स्विच, आणि त्याला लाइट लिफ्टच्या रूममधून किंवा वरच्या मजल्यावरच्या एखाद्या भल्या माणसाच्या घरातून. मग पुढची बिल्डिंग, पुढचा डबा. प्रत्येक डब्याभोवती बघितलं तर सुबक स्टार. सगळं मिळून मात्र दिवाळीची माळ, एक बल्ब गेला की पुढची सगळी अंधारात. त्या काळात लोडशेडिंग होतं. आपल्याकडे लाइट आहे, कॉम्प्युटर चालू आहे, नेट नाही. कारण अलीकडच्या कुठल्यातरी बिल्डिंगचे लाइट गेलेत. केबलवाल्याला फोन केला की तो एकच वाक्य बोलायचा, "लाइन मागून बंद आहे". मागून म्हणजे कुठून हे कधी कळलं नाही.

आता फायबर आलं. घरोघरच्या फायबरची रचना ट्रीचीच असते, पण मधे एका धाग्याचे आठ-सोळा-बत्तीस फाटे करणारे स्प्लिटर असतात त्यांना वीज लागत नाही. तुमच्या राउटरला इन्व्हर्टर असेल आणि पलीकडच्या टोकाला कंपनीची बॅटरी असेल तर मधल्या गल्लीत अंधार असला तरी नेट चालतं. आकृती काढली तर दोन्ही जवळपास सारख्याच दिसतील. माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांत आमच्या भागात नेट सुधारलं त्यात वेगाइतकाच या बिनविजेच्या डब्याचा वाटा आहे, आणि त्याच्याबद्दल कुणी दोन शब्द चांगले बोलत नाही.

कुणी म्हणेल, केबलवाल्याने माळेचं शेवटचं टोक आणून पहिल्याला का नाही जोडलं? रिंग झाली असती, एक डबा मेला तरी दुसऱ्या बाजूने नेट आलं असतं. जोडलं असतं तर बहुतेक सगळं नेटवर्क काही सेकंदांत आडवं झालं असतं. साध्या स्विचला गोल कळत नाही. सगळ्यांसाठी पाठवलेला एक निरोप त्या गोलात फिरत राहतो, प्रत्येक स्विच त्याच्या आणखी प्रती काढतो आणि थोड्याच वेळात तारेवर निरोपांशिवाय काही उरत नाही. यावरचा उपाय रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्ये काढला, स्पॅनिंग ट्री. स्विच आपापसात बोलून ठरवतात की गोलातला एक दुवा मुद्दाम बंद ठेवायचा. वायर रिंगची, वाहतूक ट्रीची. आणि चालू दुव्यांपैकी एखादा तुटला की बंद ठेवलेला दुवा आपोआप उघडायचा. मूळ पद्धतीत याला अर्धा मिनिट वगैरे लागायचा, नंतरच्या सुधारलेल्या पद्धतीत त्याहून खूप कमी.

हा "आपोआप उघडायचा" भाग माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. दुसरी वायर टाकली म्हणजे पर्यायी मार्ग झाला असं होत नाही. पहिली तुटली हे कुणाला तरी कळलं पाहिजे, वाहतूक वळवली पाहिजे, आणि वळवलेली वाहतूक मावेल एवढी जागा तिथे पाहिजे. यातलं एक जरी नसेल तरी ती वायर फक्त आकृतीत असते.

आता रेल्वे. कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला टोपोलॉजी शिकवायची तर मध्य रेल्वेइतकं चांगलं उदाहरण नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर गाडी धावली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. कल्याणला दोन फांद्या फुटल्या, एक कसाऱ्याकडे थळ घाटासाठी, एक कर्जतकडे बोर घाटासाठी. समोर सह्याद्री आणि चढायला दोन जागा, त्यामुळे इंजिनियरांना फारसा चॉइस नव्हता. म्हणजे मुळातला आकार झाडाचा. खोड सीएसएमटी ते कल्याण, पुढे दोन फांद्या. झाडाचा नियम साधा आहे, बुंध्याला लागलं की शेंड्यापर्यंत सगळं सुकतं. कुर्ल्याला पाणी भरलं की बदलापूरचा माणूस घरी पोचत नाही, तो यामुळे.

पण नुसता नकाशा बघा, म्हणजे वायरी बघा. चित्र बरंच वेगळं दिसतं. दिव्याहून एक लाइन पनवेलला जाते, एक भिवंडीवरून वसईला. कोपर स्टेशनवर मान वर करून बघितलंत तर ही वसईची लाइन आपल्या डोक्यावरून जाताना दिसेल. कर्जतहून पनवेलला लाइन आहे. २००४ मध्ये ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर सुरू झाली. म्हणजे कागदावर डोंबिवलीच्या माणसाला दादरला जायला तीन तरी वाटा आहेत. सरळ ठाण्यावरून, नाहीतर कोपर-वसई करून पश्चिम रेल्वेने, नाहीतर दिवा-पनवेल करून हार्बरने. चांगल्यापैकी मेश म्हणायला हरकत नाही. पॉल बॅरनने १९६४ मध्ये रँड कॉर्पोरेशनसाठी लिहिलेल्या अहवालांत दाखवलं होतं की टिकाऊ नेटवर्कसाठी प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडायची गरज नाही, किमान लागतात त्याच्या तिप्पट-चौपट दुवे असले तरी बरंच काही तुटूनही उरलेलं एकमेकांशी बोलू शकतं. त्या हिशोबाने आपण फार मागे नाही असं वाटेल.

आणि मग टाइमटेबल उघडा. दिवा-वसई आणि दिवा-पनवेल या लाइनींवर प्रवासी गाड्या दिवसाला मोजक्या. दर चार-पाच मिनिटाला लोकलची सवय असलेल्या माणसाला तिथली एक गाडी चुकली की दिवस चुकला. याचा अर्थ त्या लाइनी ओस पडल्यात असा नाही. त्या मालगाड्यांनी भरलेल्या आहेत, जेएनपीटीचे कंटेनर तिकडूनच उत्तरेला जातात. म्हणजे वायर आहे, पण आपल्यासाठी तिच्यात जागा नाही आणि खोडावर काही बिघडलं तर माणसं तिकडे वळवायची ठरलेली सोयही नाही. नकाशात रिंग, टाइमटेबलात ट्री.

ठाण्याची गोष्ट बघा, म्हणजे फरक कळेल. सीएसएमटी ते ठाणे या टप्प्याला २००४ नंतर खरीखुरी रिंग मिळाली. मुलुंडला ओव्हरहेड वायर तुटली तर ठाण्याचा माणूस शिव्या देत का होईना वाशीवरून कुर्ल्याला पोचतो, कारण तिकडे नियमित लोकल आहेत. ठाण्याच्या पुढे कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण यांना हे भाग्य नाही. इथे मुंब्र्याला काही झालं की इंडिकेटर कोरा आणि शिळफाट्याच्या रस्त्यावर रिक्षावाल्यांची चंगळ.

एकाच दुव्यावर सगळा भार टाकला की तो नुसता तुटतो असं नाही, न तुटताही माणसं मारतो. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं खाली पडली. चार जण त्याच दिवशी गेले. त्यानंतर दारं बंद करण्याची चर्चा झाली, वळणाची झाली, दोन रुळांतल्या अंतराची झाली. सगळ्या व्हायलाच हव्यात. पण ती माणसं दारात का होती? हौसेने नव्हती. कल्याण-ठाणे हा दुवा त्याच्या क्षमतेच्या कितीतरी पुढे भरलेला आहे आणि त्याला समांतर असं वापरण्याजोगं काही नाही. राउटरला झेपेनासं झालं की तो पॅकेट टाकून देतो आणि पाठवणारा ते पुन्हा पाठवतो. आमच्या धंद्यात गर्दीचा हिशोब इतका सोपा आहे, म्हणून ही तुलना मी इथेच थांबवतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन झाली. उपयोग झाला, नाही असं नाही, मेल-एक्स्प्रेसला वेगळी वाट मिळाली. पण टोपोलॉजीच्या नजरेतून बघाल तर हा त्याच दुव्याचा जाडपणा वाढवणं आहे. ठाण्याहून दिव्याला जाणारी रेघ एकच होती, एकच राहिली. खाडीजवळ पाणी भरलं तर चार काय, सहा काय. ऐरोली-कळवा उन्नत मार्गाचं महत्त्व मला यासाठी जास्त वाटतं. कल्याणकडून नवी मुंबईला जाणारा आज ठाण्याला उतरून पूल चढतो. तो मार्ग झाला तर ही गर्दी ठाण्याच्या पुलावर येणारच नाही. नवीन रेघ म्हणतात ती ही. त्या प्रकल्पातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, पण खुद्द उन्नत मार्ग मी हे लिहीपर्यंत झालेला नाही. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचंही काम चालू आहे. ती झाली की कल्याण-ठाणे यांच्यात पहिल्यांदाच मुंब्रा-दिव्याला हात न लावणारी दुसरी वाट मिळेल. फक्त कल्याणला रेल्वेतून उतरून मेट्रो गाठायला रिक्षाची रांग लावावी लागली तर आकृतीत जोडलेले दोन ठिपके प्रत्यक्षात वेगळेच राहतील.

रस्त्यांचंही तेच. ग्राफ थिअरीत ज्या रेघेच्या जाण्याने चित्राचे दोन तुकडे होतात तिला "ब्रिज" असंच म्हणतात. हे नाव कल्याण-डोंबिवलीत कुणीतरी ठेवलं असावं अशी मला दाट शंका आहे :) कल्याणचा ब्रिटिशकालीन पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला, नवा जानेवारी २०२१ मध्ये आला. डोंबिवलीचा कोपर पूल सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाला, सप्टेंबर २०२१ मध्ये उघडला. दोन्ही वेळा शहराचे तुकडे झाले नाहीत, कारण पत्रीपुलाला शेजारचा पूल होता आणि कोपरला ठाकुर्लीचा. पण त्या उरलेल्या पुलांवर जे झालं ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको.

हिशोब अगदी साधा आहे. दोन दुवे आहेत आणि दोन्ही सत्तर टक्के भरलेले आहेत. एक गेला तर दुसऱ्यावर एकशे चाळीस टक्के. म्हणजे दोन दुवे असून पर्याय नाही. पर्याय हवा असेल तर दोन्ही निम्म्याच्या खाली ठेवावे लागतात, आणि अर्धा रिकामा दुवा ऑडिटवाल्याला उधळपट्टी दिसतो, मॅनेजरला दिसतो आणि शहरात नगरसेवकालाही दिसतो. "एवढी जागा रिकामी कशाला?" हा प्रश्न ऑफिसात मी दर बजेटला ऐकतो. मुंबईच्या लोकलला तर रिकामी जागा ही कल्पनाच शिवीसारखी वाटते.

फायबरच्या बाबतीत आणखी एक भानगड असते, ती आकृतीत दिसतच नाही. टेलिफोन कंपन्यांच्या फायबर रिंगची अपेक्षा अशी असते की एका बाजूने तुटलं तर ५० मिलिसेकंदांत वाहतूक उलट्या बाजूने वळली पाहिजे. बोलणाऱ्याला कळतही नाही. पण खोदाईच्या परवानग्या आणि पैसे वाचवायला कधी कधी रिंगच्या दोन्ही बाजू काही अंतर एकाच चरातून नेतात. याला धंद्यात कोलॅप्स्ड रिंग म्हणतात. कागदावर गोल, जमिनीत एकच दोरी. माझ्या ओळखीतल्या डोंबिवलीच्या एका छोट्या ऑफिसने मुद्दाम दोन वेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं घेतली होती. रस्त्याच्या काँक्रिटीकरणाला जेसीबी आला आणि दोन्ही एका घासात गेली. दोघांच्या वायरी त्याच गटाराशेजारून. मोठ्या प्रमाणावर हेच ३० जानेवारी २००८ ला झालं. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या, नावं वेगळी, मालक वेगळे, समुद्राचा तुकडा तोच. भारताची निम्म्याच्या आसपास बँडविड्थ गेली होती.

म्हणून लॅन-मॅन-वॅनची मीटर-किलोमीटरवाली व्याख्याही मला आता पटत नाही. माझ्यापुरती व्याख्या अशी : जी वायर तुटली तर मी स्वतः जाऊन बघू शकतो ती लॅन. जिच्यासाठी फोन करून "लाइन मागून बंद आहे" ऐकावं लागतं ती बाकी सगळी. घरी किंवा ऑफिसात दोन कनेक्शनं घेत असाल तर दोन्ही कंपन्यांना एवढंच विचारा, तुमची वायर माझ्या बिल्डिंगमध्ये कुठल्या बाजूने येते? एक जमिनीतून आणि दुसरं मोबाइल टॉवरवरून घेतलंत तर वेग कमी असला तरी ते खरे दोन. (टॉवरचं फायबर त्याच गटाराशेजारून जात असलं तर मात्र नाइलाज आहे.)

आमच्याकडे ऑफिसात तीन महिन्यांतून एकदा शनिवारी मुख्य वायर मुद्दाम उपसून ठेवतात. घोषणा करून, सगळ्यांसमोर. पर्यायी मार्ग उघडतो का, किती वेळात, आणि त्यावर किती मावतं हे बघायला. पहिल्या खेपेला आरडाओरडा होतो, नंतर सवय होते. रेल्वेला तर वायर उपसायचीही गरज नाही, रविवारी मेगाब्लॉक असतोच. ज्या रविवारी ठाणे-कल्याणचा ब्लॉक असेल त्या दिवशी मालगाड्या काही तास थांबवून दिवा-वसई आणि दिवा-पनवेलवर तासाला दोन-दोन गाड्या सोडून बघायला काय हरकत आहे? कोपरच्या वरच्या फलाटावर किती माणसं चढली, वसईला किती उतरली, किती वेळ लागला, एवढं एखाद्या कारकुनाने वहीत लिहून ठेवलं तरी पुढच्या बिघाडाला स्टेशन मास्तरला अनाउन्समेंटमध्ये सांगायला काहीतरी असेल.